परवाना आणि पडदा : कन्सोल-खेळांचे छोटे निर्माते आणि महाराष्ट्र

घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून त्याच्या पडद्यावर खेळ खेळण्यासाठी तयार केलेल्या यंत्राला ‘कन्सोल’ म्हणतात. संगणक आणि कन्सोल यांच्या अंतर्रचनेत पुष्कळ साम्य असले, तरी दोघांच्या इतिहासाच्या वाटा निराळ्या आहेत. कारण संगणकावर कोणालाही प्रोग्रॅम लिहून चालवून पाहता येतो, तर कन्सोलवर काय चालावे आणि काय चालू नये याचा निर्णय बहुधा ते यंत्र बनवणारी कंपनी घेते. त्यामुळे कन्सोलसाठी खेळ बनवणाऱ्या छोट्या संस्थांचा इतिहास पाहू गेल्यास त्यात कल्पकता आणि खपाचे आकडे यांच्या जोडीने न्यायालयीन दावे, करार, परवाने आणि कुलपे यांचाच भरणा अधिक आढळतो.

अमेरिकेत अशी पहिली स्वतंत्र संस्था १९७९ मध्ये उभी राहिली, जपानमध्ये त्यानंतर चार-पाच वर्षांत अशा संस्थांची रांग लागली, आणि महाराष्ट्रात मात्र कन्सोलसाठी खेळ बनवणारी मंडळी २०१० च्या सुमारास मुंबईत आणि २०२० मध्ये पुण्यात ठळकपणे दिसू लागली. या तीस-चाळीस वर्षांच्या अंतराचे कारण म्हणून भांडवलाचा तुटवडा, संगणकशिक्षणाचा उशीर आणि शहरापासूनचे अंतर अशा गोष्टी सहज पुढे केल्या जातात. त्यांत तथ्य आहे. परंतु याच काळात जगात इतरत्र कोणते छोटे निर्माते टिकले आणि कोणते बुडाले हे तपासले, म्हणजे यंत्राच्या मालकाशी त्यांचे नाते काय होते हा मुद्दा या सर्वांहून वरचढ ठरतो.

खेळ यंत्रापासून वेगळा होतो

राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर आधारलेले ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ हे पहिले घरगुती यंत्र १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. त्यात प्रोग्रॅम नव्हताच. यंत्रात खुपसायच्या कार्डांमुळे आतल्या जोडण्या बदलत आणि त्यानुसार पडद्यावरचे ठिपके निराळ्या रीतीने हलत. मैदान, जाळे, चक्रव्यूह ही सजावट टीव्हीच्या काचेवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या पारदर्शक रंगीत पत्र्यांवर छापलेली असे. अशा रचनेत खेळ हा यंत्राचाच भाग होता आणि यंत्र बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला तो बनवण्याचे कारणही नव्हते, साधनही नव्हते.

ही स्थिती बदलली ती १९७६ मध्ये, जेव्हा फेअरचाइल्ड कंपनीच्या जेरी लॉसन यांच्या चमूने ‘चॅनेल एफ’ या यंत्रासाठी काढता-घालता येणारी कार्ट्रिज आणली. कार्ट्रिज म्हणजे प्लास्टिकच्या डबीत बसवलेली एक छोटी पाटी, जिच्यावरील ‘रॉम’ या न पुसल्या जाणाऱ्या स्मृतिचिपमध्ये खेळाचा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो. मराठी घरांत पुढे हिलाच ‘कॅसेट’ म्हणू लागले. खेळ आता यंत्राबाहेर, स्वतंत्र वस्तू म्हणून विकता येऊ लागला आणि तो दुसऱ्या कोणी बनवण्याची शक्यता तत्त्वतः निर्माण झाली. प्रत्यक्षात मात्र १९७७ मध्ये अ‍ॅटारी कंपनीचे ‘व्हीसीएस’ अर्थात नंतरचे ‘२६००’ हे यंत्र बाजारात आल्यावर दोन वर्षे त्याचे खेळ अ‍ॅटारीचेच नोकर लिहीत होते आणि बाहेरचा कोणी ते लिहू शकेल असे कंपनीच्या मनातही नव्हते.

तसे वाटण्यास तांत्रिक आधार होता. या यंत्रातील तात्पुरती स्मृती, म्हणजे ‘रॅम’, अवघी १२८ बाइट होती. एका बाइटमध्ये एक अक्षर मावते असे धरले, तर या परिच्छेदातील एक लांब वाक्यही तीत बसणार नाही. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याची सोय नसल्याने प्रोग्रॅमरला ते ओळीओळीने, टीव्हीच्या किरणशलाकेबरोबर धावत रेखाटावे लागे. अमेरिकी टीव्हीवर एका चित्राच्या २६२ ओळी असतात आणि सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात. एक ओळ उमटेपर्यंत या यंत्राच्या प्रोसेसरला ७६ आवर्तने मिळत, आणि एकेका साध्या आज्ञेला दोन ते सात आवर्तने लागत असल्याने, पुढच्या ओळीत खेळाडू कोठे, गोळी कोठे, भिंत कोणत्या रंगाची हे सर्व वीस-पंचवीस आज्ञांत उरकावे लागे. खेळाडूची आकृती आठ ठिपक्यांहून रुंद नसे आणि अशा आकृत्या दोनच मिळत. खेळाचे नियम, गुणमोजणी आणि आवाज यांचा विचार दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या ओळींच्या काळात करायचा. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती; ती अ‍ॅटारीच्या मोजक्या प्रोग्रॅमरांच्या हातात होती, आणि कंपनीची खरी तिजोरी हीच होती.

चार कारागीर बाहेर पडतात

वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ मध्ये अ‍ॅटारी विकत घेतल्यावर कारभार व्यवस्थापकांच्या हाती गेला आणि प्रोग्रॅमर हे पगारी कामगार ठरले. खेळाच्या खोक्यावर त्यांचे नाव छापले जात नसे. वॉरेन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली ठेवून तीत आपले नाव लपवले, ते याच धोरणाला दिलेले उत्तर होते. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी आपण लिहिलेल्या खेळांचा कंपनीच्या विक्रीतील वाटा हिशेब मांडून दाखवला आणि नाव व नफ्यातील हिस्सा मागितला. खोके भरणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही, अशा आशयाचे उत्तर व्यवस्थापनाकडून मिळाल्यावर ते नोकरी सोडून बाहेर पडले. ध्वनिमुद्रिका-व्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्यासह १ ऑक्टोबर १९७९ रोजी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही संस्था स्थापन झाली. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी खेळ बनवून विकणारी ही पहिली संस्था होय.

लेव्हींनी गाण्यांच्या धंद्यातील रीत येथे आणली. गायकाचे नाव रेकॉर्डवर असते, तसे प्रोग्रॅमरचे नाव खोक्यावर आले आणि पुस्तिकेत त्याचे छायाचित्र व खेळाविषयीचे चार शब्द छापले जाऊ लागले. १९८० मध्ये संस्थेचे पहिले चार खेळ आले. अ‍ॅटारीने व्यवसायगुपिते चोरल्याचा दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड होऊन अ‍ॅक्टिव्हिजनने स्वामित्वधन देण्याचे मान्य केले. या तडजोडीचा अर्थ दूरगामी होता: यंत्राच्या मालकाला मोबदला द्यावा लागेल, पण त्याच्या यंत्रासाठी खेळ लिहिण्यापासून तो दुसऱ्याला रोखू शकणार नाही, हे एकदाचे ठरून गेले.

या कारागिरीचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. डेव्हिड क्रेन यांच्या १९८२ मधील ‘पिटफॉल!’ या खेळात एक धाडसी प्रवासी जंगलातून धावतो आणि त्याच्या वाटेत खड्डे, मगरी, वेली, गडगडणारे ओंडके येतात. जंगलाचे एकूण २५५ पडदे आहेत आणि संपूर्ण खेळ मात्र चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. प्रत्येक पडद्याचा नकाशा साठवणे अशक्यच. क्रेन यांनी नकाशे साठवलेच नाहीत. त्यांनी आठ बिटांचा, म्हणजे एका बाइटचा, एक अंक घेतला; त्याच्या काही बिटांवरून झाडांची मांडणी ठरते, काहींवरून खड्ड्याचा प्रकार, काहींवरून वाटेतील अडथळा. प्रवासी उजवीकडे गेला की ठरावीक नियमाने अंकातील बिटे एक घर सरकतात आणि रिकाम्या घरात काही बिटांच्या तुलनेतून निघालेले नवे बीट बसते. हा नियम असा निवडला होता, की शून्य वगळता आठ बिटांचे सर्व २५५ अंक एकेकदा येऊन मगच पहिला अंक परत यावा, आणि डावीकडे जाताना तीच क्रिया उलट करून मागचा पडदा जसाच्या तसा मिळावा. साठवणीची गरज गणिताने भागवण्याची ही रीत पुढच्या अनेक छोट्या निर्मात्यांची मुख्य मालमत्ता ठरली.

पडझड आणि कुलूप

अ‍ॅक्टिव्हिजनच्या यशाने दार सताड उघडले. १९८१ मध्ये अ‍ॅटारी व मॅटेल या कंपन्यांतून बाहेर पडलेल्या लोकांनी ‘इमॅजिक’ काढली आणि तिच्या ‘डीमन अ‍ॅटॅक’ या खेळाने नाव कमावले. टेक्सासमधील रिचर्डसन येथे ‘गेम्स बाय अपोलो’ निघाली. पाठोपाठ या विद्येचा गंध नसलेल्या कंपन्याही बाजारात उतरल्या. दुकानदारांना न खपलेला माल परत करायचा होता, छोट्या कंपन्यांकडे परताव्याचा पैसा नव्हता, म्हणून तो माल कवडीमोल किमतीला फुंकला गेला आणि चांगल्या खेळांचे भावही त्याबरोबर खाली आले. अपोलो नोव्हेंबर १९८२ मध्येच दिवाळखोरीत गेली. डिसेंबरमध्ये वॉर्नरने अपेक्षित नफ्याचा अंदाज खाली आणताच तिचा समभाग कोसळला आणि त्याच सुमारास भांडवलबाजारात उतरण्याच्या तयारीत असलेल्या इमॅजिकला तो बेत सोडून द्यावा लागला. १९८३ मध्ये अ‍ॅटारीने न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरली. २०१४ मध्ये उत्खनन करून त्यांतली काही बाहेर काढण्यात आली.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने या पडझडीतून आपल्या सोयीचा धडा घेतला. तिचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आले आणि १९८५ मध्ये ते ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत नेताना कंपनीने त्यात एक कुलूप बसवले. यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप असे. दोघींची खूण पटली तरच खेळ सुरू होई. जोडीदार चिप निन्टेंडोखेरीज कोणाकडे नव्हती. परवाना घेणाऱ्या प्रकाशकाला अमेरिकेत वर्षाला पाचच खेळ काढता येत, कार्ट्रिजे निन्टेंडोकडूनच आगाऊ पैसे भरून बनवून घ्यावी लागत आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर नेता येत नसे. अ‍ॅक्टिव्हिजनच्या खटल्यात कायद्याने जे दार उघडले होते, ते आता तंत्राने आणि कराराने बंद झाले.

या व्यवस्थेत टिकण्याचा एक मार्ग मालकाचा विश्वास संपादन करण्याचा होता. १९८० मध्ये टोकियोत निघालेली ‘हॅल लॅबोरेटरी’ ही मूठभर मंडळींची संस्था सुरुवातीला संगणकांची जोडउपकरणे बनवी. फॅमिकॉम आल्यावर तिने निन्टेंडोकडे काम मागितले. संस्थेतील तरुण प्रोग्रॅमर सातोरू इवाता यांनी लिहिलेल्या ‘गोल्फ’ या १९८४ च्या खेळात १८ मैदाने लहानशा कार्ट्रिजमध्ये बसवायची होती. इतरांनी अशक्य म्हणून सोडलेले हे काम त्यांनी माहिती आवळून बसवण्याची स्वतःची रीत योजून पार पाडले. खेळावर नाव निन्टेंडोचे होते, हॅलचे नव्हते. १९९२ मध्ये हॅल कर्जात बुडाली, तेव्हा इवातांना अध्यक्ष करावे या अटीवर निन्टेंडोने तिला हात दिला. ‘कर्बी’ या मालिकेच्या बळावर संस्था सावरली आणि इवाता २००२ मध्ये खुद्द निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. दुसरे उदाहरण इंग्लंडमधील ‘रेअर’ या संस्थेचे. तिच्या संस्थापक स्टँपर बंधूंनी फॅमिकॉम उघडून त्याची रचना स्वतःच उलगडली, ती निन्टेंडोला दाखवली आणि बाहेरून शिकून आलेल्या या कारागिरांना कंपनीने परवाना दिला.

या दोन्ही संस्था शहराच्या मध्यात राहिल्या नाहीत, हे सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यातून पाहणाऱ्याला विशेष लक्षात येण्यासारखे आहे. हॅलचे निर्मितिकेंद्र डोंगरांनी वेढलेल्या यामानाशी प्रांतात गेले आणि रेअरचे काम ट्वायक्रॉस या खेड्यातील शेतघरात चाले. आंबा घाटाच्या माथ्याशी पसरलेला शाहूवाडी तालुका कोल्हापूरपासून जेवढा दूर आहे, तेवढे अंतर या धंद्यात अडसर ठरत नाही. परवाना हाती असेल तर खेडे चालते. तो नसेल तर महानगरही उपयोगाचे नाही.

‘टीव्ही गेम’चा काळ

भारतात १९९१ नंतर आयात सैल झाल्यावर कन्सोल हे मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले. निन्टेंडोचे यंत्र ‘सामुराई’ या नावाने विकले गेले आणि सेगाची यंत्रे शॉ वॉलेस या कंपनीमार्फत आली. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांनी हाताळला तो तैवान-चीनकडून आलेला, फॅमिकॉमची नक्कल असलेला स्वस्त ‘टीव्ही गेम’. जपानी फॅमिकॉममध्ये अमेरिकी यंत्रातले कुलूप नव्हते, म्हणून त्याची नक्कल करणे सोपे गेले. पुढे पुढे तर त्याची सारी मंडलरचना एकाच चिपमध्ये कोंबण्यात आली आणि खोके जवळजवळ रिकामेच राहिले.

हे यंत्र लावायला अँटेनाची वायर काढून त्या जागी त्याची वायर खुपसावी लागे आणि मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत टीव्हीचा चॅनेल फिरवावा लागे. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची, हा उपाय शहरात आणि गावात सारखाच होता. ‘९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजके खेळ असत आणि तेच नाव किंवा सुरुवातीचा टप्पा बदलून पुनःपुन्हा यादीत येत. ‘मारिओ’, ‘काँट्रा’, ‘रोड फायटर’, ‘डक हंट’ हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे. शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात टीव्ही पोहोचल्यावर या यंत्राला वेगळ्या सोयीची गरज नव्हती. विजेचे भारनियमन हाच काय तो अडथळा. खेळ खेळणारी पिढी अशा रीतीने तालुक्याच्या गावांतही तयार झाली.

खेळ बनवणारी पिढी मात्र यातून तयार झाली नाही. नकली यंत्राच्या धंद्यात खेळ आधीच भरलेला येत असे. विक्रेत्याला नवा खेळ नको होता, कारण चोरलेल्या शंभर खेळांपुढे विकत घ्यावा लागणारा एक खेळ महागच ठरणार होता. तैवानमध्ये याच कुलूप नसलेल्या यंत्रासाठी विनापरवाना नवे खेळ लिहिणाऱ्या छोट्या संस्था निघाल्या, कारण तेथे चिप आणि कार्ट्रिज बनवण्याचे कारखाने शेजारीच होते. येथे तशी साखळी नव्हती. आणि अधिकृत मार्गाने जावे, तर परवाना देणाऱ्या कंपन्यांची भारतात खेळ बनवून घेण्याची कसलीच व्यवस्था नव्हती.

कोल्हापूरच्या संदर्भात येथे एक तुलना अपरिहार्य आहे. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा १९२० मधील चित्रपट उभा राहिला. पडदे रंगवणाऱ्या, सुतारकाम आणि यंत्रकाम जाणणाऱ्या कारागिराला ते शक्य झाले, कारण कॅमेऱ्याचे दंतचक्र, फिल्म थांबवून सरकवणारी पकड आणि झडप हे सारे उघडून डोळ्यांनी पाहता येते व लेथवर पुन्हा कातता येते. चिपच्या बाबतीत झाकण उघडून काही दिसत नाही. रेअरने फॅमिकॉम उलगडला हे खरे. पण त्यासाठी महागडी तपासणीसाधने आणि यंत्रभाषेचा वर्षानुवर्षांचा सराव लागला, आणि शेवटी त्यांनाही परवाना मागावाच लागला. कोल्हापूरच्या जुन्या कारागिरीची परंपरा या नव्या माध्यमात आपोआप चालत आली नाही, याचे कारण कौशल्याच्या ऱ्हासात शोधण्यापेक्षा यंत्राच्या या बदललेल्या जातीत शोधणे अधिक सयुक्तिक आहे.

मुंबई : जुन्या यंत्रावरची संधी

मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी ‘इंडियागेम्स’ स्थापन केली. ही संस्था संगणकावरील व इंटरनेटवरील छोट्या खेळांकडून लवकरच मोबाइल फोनकडे वळली, आणि तिची ही निवड परिस्थितीला धरून होती. कन्सोलसाठी खेळ लिहायचा तर यंत्राच्या मालकाकडून ‘डेव्हकिट’ मिळवावे लागते. डेव्हकिट म्हणजे अपुरा, तपासणीच्या अवस्थेतला खेळ चालवू देणारे खास यंत्र, जे दुकानात मिळत नाही आणि करारावाचून हाती येत नाही. फोनवर खेळ पोहोचवायला मोबाइल कंपनीशी बोलणी पुरत. इंडियागेम्स पुढे यूटीव्ही आणि नंतर डिस्ने यांच्या मालकीत गेली. तिने मुंबईला खेळनिर्मितीचे मनुष्यबळ दिले, पण कन्सोल दूरच राहिला.

कन्सोलचे दार किलकिले झाले ते सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’ मुळे. २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या आणि जगभर १५ कोटींहून अधिक खपलेल्या या यंत्राची किंमत उतरल्यावर ते भारतात परवडू लागले आणि भारतीय ग्राहकासाठी भारतीय विषयांचे खेळ असावेत असे सोनीला वाटू लागले. हैदराबादच्या ‘ऑरोना टेक्नॉलॉजीज’चा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ मध्ये आला आणि देवतेला खेळाडूच्या बटणावर नाचवल्याचा आक्षेप त्यावर परदेशातील काही हिंदू प्रतिनिधींनी घेतला. त्याच वर्षी हैदराबादच्याच ‘गेमशास्त्र’ने कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी अशा खेळांचा ‘देसी अड्डा’ काढला.

महाराष्ट्राचा सहभाग याच लाटेतला. मुंबईच्या ‘ट्राइन गेम्स’ने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्ली क्रिकेटचा खेळ ‘प्लेस्टेशन २’ आणि हातात धरायच्या ‘पीएसपी’ या यंत्रांसाठी तयार केला. विषयाची निवड धंद्याच्या दृष्टीनेही चोख होती: अधिकृत क्रिकेटचा खेळ करायचा तर खेळाडूंची नावे, संघांचे गणवेश आणि स्पर्धा यांचे हक्क विकत घ्यावे लागतात, तर गल्लीतल्या क्रिकेटवर कोणाचा हक्क नाही आणि त्याचे नियम प्रत्येक मराठी मुलाला तोंडपाठ असतात. २०११ मध्ये याच संस्थेने ‘रा.वन’ या हिंदी चित्रपटावरील खेळ बनवला, आणि हात हवेत फिरवून खेळायच्या सोनीच्या ‘मूव्ह’ या साधनासाठीही तिने गल्ली क्रिकेट आणले.

या पर्वाची मर्यादा त्याच्या तारखांतच आहे. ‘प्लेस्टेशन ३’ जगात २००६ मध्येच आले होते. भारतीय संस्थांना काम मिळाले ते मुख्यतः आधीच्या यंत्रावर, ज्याचे उत्पादन २०१३ च्या आरंभी थांबले. जुन्या यंत्रावर खेळ बनवण्याचा खर्च कमी होता म्हणूनच सोनीने ही संधी दिली, आणि यंत्र संपताच संधीही संपली. हॅलला निन्टेंडोच्या यंत्राच्या पहिल्या वर्षांत शिरकाव मिळाल्याने तिचे कौशल्य त्या यंत्राबरोबर वाढत गेले; मुंबईच्या संस्थेला यंत्राच्या अखेरच्या वर्षांत शिरकाव मिळाला, तेव्हा वाढायला वाव उरलेला नव्हता.

पुणे : दाराचे नवे रूप

यानंतरच्या दशकात कुलपाची जात बदलली. खेळ तयार करण्याचा मूळ सांगाडा, ज्याला ‘इंजिन’ म्हणतात आणि ज्यात प्रकाश, हालचाल, टक्कर यांची आकडेमोड आधीच लिहिलेली असते, तो पूर्वी लाखो रुपयांना मिळे. एपिक कंपनीने आपले ‘अनरिअल’ इंजिन २०१५ मध्ये आगाऊ मोबदल्यावाचून सर्वांना खुले केले आणि विक्री झाल्यावर हिस्सा घेण्याची पद्धत ठेवली. खेळ डिस्कऐवजी इंटरनेटवरून विकले जाऊ लागल्याने कारखान्याचा आगाऊ खर्च गेला, आणि नव्या मालाची गरज भासल्यामुळे यंत्रांच्या कंपन्या छोट्या निर्मात्यांना स्वतःहून परवाने देऊ लागल्या.

पुण्याची ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही संस्था या बदलाचे अपत्य होय. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी उभारलेल्या या छोट्या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागून पाहिली, ठरवलेली रक्कम जमली नाही. पुढे एपिककडून अनुदान आणि परदेशी प्रकाशक मिळाल्यावर काम पुरे झाले आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रथम निन्टेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रावर आला. इतर यंत्रांवर तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोहोचला. वर्षअखेरच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांसाठीच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला.

या खेळाची नायिका राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी मुलगी आहे. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाच्या शोधात ती निघते आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकते. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीतील चित्रांतून आणि भिंतीवरच्या रंगचित्रांतून उलगडतात. हनुमानाच्या खेळावर जो आक्षेप आला होता त्याच्याशी ताडून पाहिले, तर खेळाडूच्या हाती मानवी मुलगी द्यायची आणि देवतांना निवेदकाच्या व वरदात्याच्या जागी ठेवायचे, ही रचना अधिक सुरक्षित आणि कथेच्या दृष्टीने अधिक संपन्न ठरते. छायाबाहुल्यांची निवडही छोट्या संस्थेला परवडणारी होती, कारण चेहऱ्यावरचे भाव हलवणारी खर्चिक दृश्ये त्यामुळे टळतात. मर्यादेतून शैली घडवण्याची ही रीत अ‍ॅक्टिव्हिजन आणि हॅल यांच्या कामाशी नाते सांगते.

तरीही दार गेलेले नाही. पुण्यात घडलेला हा खेळ ज्या यंत्रावर पहिल्यांदा आला, त्याची त्या वेळी भारतात अधिकृत विक्रीव्यवस्था नव्हती. निर्मात्यांच्या शेजारपाजारच्या मुलांना तो खेळायचा तर यंत्र आडवाटेने आणावे लागे. पैसा, प्रकाशक, अंतिम तपासणी आणि विक्रीचे दुकान हे चारही देशाबाहेर होते. साधने खुली झाल्यामुळे शाहूवाडीतल्या एखाद्या तरुणालाही आज संगणक आणि इंटरनेट यांच्या आधारे खेळ बनवण्यास आरंभ करता येतो, ही गोष्ट १९९० च्या दशकात अशक्य होती. पण तयार झालेला खेळ कन्सोलवर दिसावा की नाही, दुकानाच्या पहिल्या पानावर यावा की तळाशी राहावा, आणि विक्रीतला किती हिस्सा कापला जावा, हे ठरवणारे लोक अजून तेच आहेत. १९८२ च्या तडजोडीने छोट्या निर्मात्याला यंत्राच्या मालकाशी करार करण्याची योग्यता मिळवून दिली. महाराष्ट्रातील निर्मात्यांना ती २०१० च्या सुमारास मिळाली आणि त्या कराराच्या अटी ठरवण्याइतके बळ त्यांच्या घरच्या बाजारपेठेने त्यांना अद्याप दिलेले नाही.